वाटा ठरवायचा कोणी?

जुलै १९३९ मध्ये हैदराबादच्या निजाम सरकारने राज्यासाठी नव्या विधिमंडळाची योजना जाहीर केली. एकूण सभासद ८५. त्यांतले ४२ निवडून यायचे, बाकीचे सरकारने नेमलेले किंवा हुद्द्यामुळे आपोआप बसणारे. हिंदू आणि मुस्लिम सभासदांची संख्या मात्र सारखी ठेवायची. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे तेव्हा याच राज्यात होते. १९४१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या एक कोटी साठ लाखांच्या वर गेली, आणि त्यात मुस्लिम होते साधारण आठात एक. म्हणजे एका बाजूला आठातला एक, दुसऱ्या बाजूला जवळपास उरलेले सगळे, आणि वाटे दोघांचे बरोबरीचे.

त्यानंतर पुरती तेरा वर्षेही उलटली नव्हती, तोच १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत औरंगाबादचे लोक मतदानाच्या रांगेत उभे राहिले. या वेळी हिंदूंची यादी वेगळी नव्हती, मुस्लिमांची वेगळी नव्हती, आणि कोणत्या धर्माचे किती खासदार व्हावेत याचा आकडा कुठल्याही कायद्यात लिहिलेला नव्हता. एकाच शहराने, एकाच पिढीच्या हयातीत, धर्म आणि विधिमंडळ यांचा हिशेब दोन अगदी उलट रीतींनी मांडलेला पाहिला.

जगभरच्या संसदा या दोन रीतींच्या मध्ये कुठेतरी बसतात. पहिल्या रीतीत प्रत्येक समाजाचा वाटा कायदा आधीच ठरवून टाकतो आणि मतदाराने त्या चौकटीत माणसे तेवढी निवडायची असतात. दुसरीत कायदा फक्त मतदाराला ओळखतो. वाटा किती, हे मतपेटी उघडल्यावर कळते. दोन्ही रीतींना आपापली किंमत आहे, आणि मराठवाड्याने दोन्ही किमती मोजल्या आहेत.

निजामाची बरोबरी

१९३९ च्या योजनेमागे दिवाणबहादूर अरवमुद अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालची समिती होती. सप्टेंबर १९३७ मध्ये ती नेमली गेली. तिने सुचवलेली निवडणूक आजच्या वाचकाला विचित्र वाटेल, कारण तिच्यात मतदारसंघ तालुक्यांचे किंवा जिल्ह्यांचे नव्हते, धंद्यांचे आणि हितसंबंधांचे होते. जहागीरदारांचे प्रतिनिधी वेगळे, पट्टेदारांचे वेगळे, कुळांचे वेगळे. वकील, डॉक्टर, व्यापारी, पदवीधर, कामगार, प्रत्येकाचा कप्पा स्वतंत्र. तालुक्यावार मतदारसंघ केले असते तर बहुतेक ठिकाणी हिंदू मतदारांचे बहुमत उघडपणे दिसले असते. धंद्याच्या कप्प्यांमुळे ते दिसेनासे झाले, आणि वर समसमान संख्येची अट घातल्यावर तर त्याला काही अर्थच उरला नाही.

बरोबरीच्या समर्थनार्थ जे सांगितले जाई ते लोकसंख्येच्या भाषेत नव्हतेच. राज्याच्या इतिहासात आणि कारभारात मुस्लिम समाजाचे जे स्थान आहे ते पाहता त्याला सभागृहात अल्पसंख्य करता येणार नाही, असा तो युक्तिवाद होता. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेची भूमिका त्याच्याही पुढची होती: निजामाची सत्ता ही राज्यातल्या प्रत्येक मुस्लिमाची सत्ता आहे, निजाम तिचे प्रतीक आहे. हे एकदा मान्य केले की मतमोजणीला फारसे कामच उरत नाही.

पण योजनेतली खरी खोट आकड्यांच्या वाटणीत नव्हती. दिवाण आणि मंत्री यांना हे विधिमंडळ काढू शकत नव्हते. ते निजामाला जबाबदार होते आणि निजाम कोणालाच जबाबदार नव्हता. ताट रिकामेच ठेवायचे आणि त्याचे दोन समान भाग करून द्यायचे, असा तो प्रकार होता. म्हणूनच मराठवाड्यातल्या चळवळीने वाद जागांच्या प्रमाणावर अडकू दिला नाही. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि त्याच ऑक्टोबरात गोविंदराव नानल यांच्या पुढाकाराने सत्याग्रह सुरू झाला. या सगळ्यांची मागणी एकच होती: जबाबदार राज्यपद्धती. सरकार सभागृहाला जबाबदार असले पाहिजे, बाकीचे मग बघू.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि सुधारणा बासनात गेल्या. १९४६ मध्ये त्या बाहेर काढल्या तेव्हा स्टेट काँग्रेसने निवडणुकांवर बहिष्कार टाकला. पुढे १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या, हैदराबाद भारतात आणणाऱ्या पोलीस कारवाईनंतर हा सगळा प्रयोगच संपला.

त्या योजनेतली एक गोष्ट मात्र आजही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वाटा कायद्याने ठरवायचा म्हटले की आधी कप्पे ठरवावे लागतात, आणि कप्प्याच्या आत काय दडले आहे याची विचारपूस कोणी करत नाही. ‘हिंदू’ या कप्प्यात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारे होते. देशमुख होते, त्यांची कुळे होती आणि गावकुसाबाहेरचे दलितही होते. ‘मुस्लिम’ या कप्प्यात हैदराबादचा जहागीरदार होता आणि औरंगाबादेत मागावर हिमरू विणणारा कारागीरही होता. जहागीरदार सभागृहात बसला म्हणजे विणकराला प्रतिनिधी मिळाला, असे धरूनच तो हिशेब मांडला होता.

लखनौचा हिशेब

निजामाने ही कल्पना हवेतून आणली नव्हती. ब्रिटिश हिंदुस्थानात ती तीस वर्षे रुजत होती. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुस्लिम मतदारांसाठी स्वतंत्र मतदारसंघ दिले: मुस्लिम उमेदवार आणि त्याला मत देणारेही फक्त मुस्लिम. १९१६ मध्ये लखनौला काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यात करार झाला, त्यात काँग्रेसने स्वतंत्र मतदारसंघ मान्य केले. मंडालेच्या तुरुंगातून सुटून आलेले लोकमान्य टिळक त्या तडजोडीमागे उभे होते. आधी स्वराज्य पदरात पडू दे, आपापसातले नंतर पाहू, हा त्यांचा हिशेब होता.

करारातले आकडे पाहिले की अशा वाटणीचे गणित कसे चालते ते समजते. मुंबई इलाख्यात, म्हणजे तेव्हा सिंधसकट, मुस्लिम लोकसंख्या सुमारे एकपंचमांश होती. त्यांना निवडून येणाऱ्या जागांपैकी एकतृतीयांश मिळाल्या. संयुक्त प्रांतात ३० टक्के, मद्रास इलाख्यात १५ टक्के, म्हणजे तिथेही लोकसंख्येपेक्षा बरेच जास्त. पण जागा काही आभाळातून पडत नाहीत. पंजाबात आणि बंगालमध्ये मुस्लिम बहुसंख्य होते. तिथे त्यांना अनुक्रमे ५० आणि ४० टक्क्यांवर समाधान मानावे लागले. मुंबईच्या मुस्लिमाला जे वजन मिळाले त्याची किंमत बंगालच्या मुस्लिमाने चुकती केली. संख्येपेक्षा जास्त वाटा कोणाला द्यायचा म्हटले की दुसऱ्या कोणाला तरी तो कमी घ्यावा लागतो, आणि तो दुसरा त्या खोलीत हजर असतोच असे नाही.

लखनौ करारात आणखी एक तरतूद होती, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. एखाद्या समाजाशी संबंधित विधेयकाला त्या समाजाच्या तीनचतुर्थांश सभासदांनी विरोध केला तर ते पुढे न्यायचे नाही. म्हणजे जागांच्या जोडीला नकाराधिकारही. नुसत्या जागा मिळाल्या तरी मतदानात हरता येते. नकाराधिकार हातात असला की अल्पसंख्याला हरवता येत नाही, पण मग सभागृह जागचे हलेलच याची खात्री राहत नाही.

सोळा वर्षांनी हाच वाद पुण्याला आला. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी जातीय निवाडा दिला आणि दलितांनाही स्वतंत्र मतदारसंघ देऊ केले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी उपोषण आरंभले. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. डॉ. आंबेडकरांना स्वतंत्र मतदारसंघ सोडावे लागले. बदल्यात प्रांतिक विधिमंडळांतल्या राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या.

या करारातून एक नवा साचा तयार झाला, तो आजही चालू आहे. जागा राखीव, पण मतदार सगळे. उमेदवार एका समाजाचाच असेल, पण त्याला निवडून देणारे सर्व समाजांचे असतील. स्वतंत्र मतदारसंघातला प्रतिनिधी आपल्या समाजाबाहेर एकही दार न ठोठावता निवडून येतो. राखीव जागेवरच्या उमेदवाराला सगळ्यांची दारे ठोठावावी लागतात, आणि कित्येकदा आपल्याच समाजाच्या पसंतीपेक्षा बाकीच्यांच्या पसंतीवर त्याचे भवितव्य ठरते. आंबेडकरांची पुढची तक्रार नेमकी याच मुद्द्यावर होती.

बैरूतची १२८ आसने

पहिली रीत पूर्ण बहरात पाहायची तर लेबनॉनला जावे लागते. १९४३ मध्ये स्वतंत्र होताना तिथल्या नेत्यांनी एक अलिखित समझोता केला: राष्ट्राध्यक्ष मारोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी मुस्लिम, संसदेचा सभापती शिया मुस्लिम. संसदेतल्या जागा सहा ख्रिस्त्यांमागे पाच मुस्लिम या प्रमाणात. हे प्रमाण १९३२ च्या जनगणनेवरून काढले होते. त्यानंतर लेबनॉनमध्ये अधिकृत जनगणना झालेलीच नाही, कारण नवी मोजणी म्हणजे नवे भांडण. १९७५ पासून पंधरा वर्षे यादवी चालली. १९८९ मध्ये सौदी अरेबियातल्या ताइफ शहरात करार झाला आणि प्रमाण बरोबरीवर आले. पुढे १२८ आसनांची संसद ठरली, ६४ ख्रिस्ती आणि ६४ मुस्लिम. त्यांच्या आत पुन्हा पोटवाटे आहेत: मारोनाइट ३४, सुन्नी २७, शिया २७, ग्रीक ऑर्थोडॉक्स १४, द्रूझ ८, ग्रीक कॅथलिक ८, आणि असे करत अलावी २, प्रॉटेस्टंट १ इथपर्यंत.

शूफ आणि आलेय या डोंगराळ भागांचा मिळून एक मतदारसंघ आहे. तिथे १३ जागा: पाच मारोनाइट, चार द्रूझ, दोन सुन्नी, एक ग्रीक ऑर्थोडॉक्स, एक ग्रीक कॅथलिक. २०१७ च्या कायद्याप्रमाणे मतदार एका संपूर्ण पॅनेलला मत देतो आणि त्यातल्या एका उमेदवाराला पसंतीचे मत देतो. तो स्वतः द्रूझ असला तरी मारोनाइट उमेदवाराला पसंती देऊ शकतो. मोजणी करताना पॅनेलला मतांच्या प्रमाणात जागा मिळतात आणि मग पसंतीच्या मतांनुसार उमेदवार भरले जातात. पण त्या धर्माचा कोटा आधीच भरला असेल, तर जास्त पसंती मिळवलेला उमेदवारही घरी बसतो आणि कमी मतांचा दुसऱ्या धर्माचा उमेदवार संसदेत जातो. मतदारयादीत नावापुढे धर्मपंथाचा रकाना असतो, आणि मतदान राहत्या शहरात न करता पूर्वजांच्या गावी जाऊन करावे लागते.

या रचनेने कोणताही मोठा समाज संसदेबाहेर राहिला नाही, ही तिची जमेची बाजू लहान नाही. पण ऑक्टोबर २०२२ ते जानेवारी २०२५ या काळात लेबनॉनला राष्ट्राध्यक्षच नव्हता, कारण सगळ्यांना चालेल असा मारोनाइट सापडेना. ताइफ करारात धर्माधारित वाटणी टप्प्याटप्प्याने संपवायची असेही लिहिले होते. साडेतीन दशके झाली, पहिला टप्पाही उजाडलेला नाही. वाट्यावर उभी राहिलेली घराणी आणि पक्ष स्वतःच्या पायाखालची फळी काढत नसतात.

दिल्लीतला निर्णय

संविधान सभेसमोर हे सगळे पर्याय होते. १९४७ च्या ऑगस्टमध्ये सभेने स्वतंत्र मतदारसंघ रद्द केले, पण मुस्लिम आणि इतर अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा मात्र ठेवल्या, तूर्त दहा वर्षांसाठी. मद्रासचे पोकर साहेब यांनी स्वतंत्र मतदारसंघ चालू ठेवण्याची दुरुस्ती मांडली, ती पडली. मग ११ मे १९४९ रोजी सरदार पटेलांच्या सल्लागार समितीत बंगालचे ख्रिस्ती नेते डॉ. एच. सी. मुखर्जी यांनी अल्पसंख्याकांच्या राखीव जागाही काढून टाकाव्यात असा ठराव आणला. महिनाअखेरीस सभेने तो मान्य केला.

या चर्चेत मुस्लिम सभासदांचे एकमत नव्हते. बेगम ऐजाज रसूल यांनी आरक्षण अल्पसंख्याकांच्याच मुळावर येईल, ते त्यांना बहुसंख्याकांपासून कायमचे तोडेल, अशी बाजू मांडली. मद्रासचे मुहम्मद इस्माईल यांचा कल नेमका उलट होता. झेड. एच. लारी यांनी मधला मार्ग सुचवला: राखीव जागा नकोत, पण एका मतदारसंघातून अनेक सभासद निवडा आणि मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देऊ द्या, म्हणजे विखुरलेल्या अल्पसंख्याकांनाही आपल्या बळावर कोणीतरी निवडून आणता येईल. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या अशा योजना डॉ. आंबेडकरांना पटत नव्हत्या. बहुसंख्य मतदार निरक्षर असताना ती किचकट पद्धत झेपणार नाही, आणि सभागृहात लहान लहान गट झाले तर सरकार टिकणार नाही, ही त्यांची कारणे होती.

फाळणीची छाया त्या सभागृहावर होती, हे विसरून चालणार नाही. स्वतंत्र मतदारसंघांनी देश तोडला, ही भावना इतकी तीव्र होती की लारींच्या सूचनेचा तिच्या गुणांवर विचार होणे अवघड होते.

निर्णय संविधानाच्या ३२५ व्या अनुच्छेदात उतरला. प्रत्येक मतदारसंघाची एकच सर्वसाधारण यादी. धर्म, वंश, जात किंवा लिंग एवढ्याच कारणावरून कोणाला तिच्यातून वगळायचे नाही, की वेगळ्या यादीत घालायचे नाही. अपवाद थोडे राहिले. लोकसभेत दोन अँग्लो-इंडियन सभासद नेमण्याची तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपली. सिक्कीमच्या विधानसभेत बौद्ध मठांच्या संघासाठी एक जागा आहे. तिच्यासाठी फक्त भिक्षू-भिक्षुणी मत देतात. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

आजही मतदार नोंदणीचा फॉर्म ६ हातात घेतला तर त्यात नाव, नातेवाइकाचे नाव, पत्ता, जन्मतारीख, लिंग असे सगळे विचारलेले असते. धर्माचा रकाना नसतो. शूफच्या यादीत जो रकाना आहे तो इथल्या यादीत नाही, एवढ्यात दोन राज्यघटनांमधले अंतर मावते. या यादीचा जोडीदार म्हणजे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३ (३): धर्माच्या नावावर मते मागणे हा निवडणुकीतला भ्रष्टाचार. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत निवडून आलेले रमेश प्रभू यांची निवड याच कलमाखाली रद्द झाली, आणि डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठेवली.

एका मतदारसंघाची मोजणी

शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. लोकसभा मतदारसंघ निवडणूक आयोगाच्या कागदावर अजून ‘औरंगाबाद’ याच नावाने आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. त्यात निम्म्याहून किंचित जास्त हिंदू, साधारण ३१ टक्के मुस्लिम, १५ टक्के बौद्ध. पण मतदारसंघात शहराबरोबर कन्नड, गंगापूर आणि वैजापूरही येतात, आणि तिथली गावे हे प्रमाण बदलून टाकतात. कोणत्याही एका समाजाला दुसऱ्याच्या मदतीशिवाय इथे हमखास जिंकता येत नाही, आणि फूट पडली तर बहुसंख्यही हरू शकतात.

१९५७ मध्ये इथून स्वामी रामानंद तीर्थ लोकसभेवर गेले, निजामाच्या तुरुंगात वर्षे काढलेले. १९८० मध्ये उर्दू कवी काझी सलीम निवडून आले. त्यानंतर मुस्लिम खासदारासाठी २०१९ उजाडावे लागले. मधल्या काळात शिवसेनेचे मोरेश्वर सावे आले, आणि १९९९ पासून चंद्रकांत खैरे सलग चार वेळा.

२३ मे २०१९ चा निकाल बारकाईने पाहण्यासारखा आहे. एमआयएमचे इम्तियाज जलील यांना ३,८९,०४२ मते, खैरे यांना ३,८४,५५०. फरक ४,४९२. जलील यांच्या बाजूला प्रकाश आंबेडकरांची वंचित बहुजन आघाडी होती, म्हणजे मुस्लिम मतांना बौद्ध आणि इतर वंचितांच्या मतांची जोड. समोरच्या बाजूला कन्नडचे माजी शिवसैनिक हर्षवर्धन जाधव अपक्ष उभे राहिले आणि त्यांनी २,८३,७९८ मते नेली. एकूण मतांच्या एकतृतीयांशाहून थोडी कमी मते घेऊन जलील जिंकले.

२०२४ मध्ये पट पालटला. वंचितने आपला वेगळा उमेदवार दिला. शिवसेनेची दोन शकले झाली होती. एकीकडून संदिपान भुमरे, दुसरीकडून खैरे. भुमरे ४,७६,१३० मते घेऊन जिंकले, जलील ३,४१,४८० वर दुसरे आले, खैरे २,९३,४५० वर तिसरे. धर्मांचे प्रमाण पाच वर्षांत बदलले नव्हते. बदलली ती माणसांची बेरीज. ‘मुस्लिम जागा’ म्हणून ही जागा कोणाला देता येत नाही आणि ‘हिंदू जागा’ म्हणूनही ती कोणाच्या खिशात नाही, हे दोन्ही निकाल मिळून सांगतात.

यादीत धर्माचा रकाना नसला तरी कार्यकर्त्यांना नावावरून तो वाचता येतो, आणि मतदान केंद्रनिहाय मतांचा तक्ता, म्हणजे फॉर्म २०, कोणत्या मोहल्ल्यात कोणाला किती मते पडली ते उघड करतो. कायद्याने मिटवलेल्या रेषा पक्षाचे बूथप्रमुख पुन्हा आखून घेतात. तरीही फरक राहतोच. रेषा कायद्याची असली की ती ओलांडता येत नाही. बूथप्रमुखाची असली की दुसरा उमेदवार ती पुसू शकतो, जशी २०१९ मध्ये अंशतः पुसली गेली.

राखीव जागेतला धर्म

धर्म संविधानाच्या निवडणूक-गणितातून पुरता गेला असे मात्र नाही. तो अनुसूचित जातींच्या व्याख्येत मागच्या दाराने राहिला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरताच ठेवला. शीख १९५६ मध्ये आत आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांबरोबर लाखोंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि राखीव जागेचे दार त्यांच्यासाठी बंद झाले.

हे दार किती घट्ट बंद होते ते डॉ. डी. पी. मेश्राम यांच्या खटल्यात दिसले. १९६२ मध्ये ते नागपुरातल्या राखीव जागेवरून विधानसभेवर निवडून आले. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, असा आक्षेप आला. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला आणि निवड रद्द झाली. लोकांनी मते दिली होती. धर्माने ती निष्फळ केली. १९९० मध्ये व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात कायदा दुरुस्त झाला आणि बौद्धांना दर्जा परत मिळाला. ज्या शहरात बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय उभे केले, तिथल्या राखीव ‘औरंगाबाद पश्चिम’मध्ये बौद्ध उमेदवाराला आज धर्म लपवावा लागत नाही, ते या दुरुस्तीमुळे. दलित मुस्लिम आणि दलित ख्रिस्ती अजून त्या व्याख्येबाहेर आहेत.

वाट्याची खरी जागा

आता ताळेबंद मांडू. १९८० च्या लोकसभेत ४९ मुस्लिम खासदार होते. २०२४ मध्ये ५४३ पैकी २४ निवडून आले, म्हणजे साडेचार टक्क्यांहूनही कमी. लोकसंख्येतले प्रमाण २०११ च्या जनगणनेप्रमाणे १४ टक्क्यांच्या वर. महाराष्ट्राच्या ४८ जागांवर २०२४ मध्ये एकही नाही. कायद्याने ठरवलेला वाटा लेबनॉनसारखा गोठून बसतो, हे खरे. पण मतदारावर सोडलेला वाटा विरून जाऊ शकतो, हेही तितकेच खरे.

पण तो खरोखर मतदारावर सोडलेला आहे का? मतदार मशीनवरच्या नावांतून निवडतो. पक्षाचा उमेदवार म्हणून त्या नावांत यायला पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचा कागद, लागतो. तो खिशात नसेल तर अपक्ष लढायचे, आणि अपक्ष सहसा पडतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महायुतीने आणि महाविकास आघाडीनेही महाराष्ट्रात एकाही मुस्लिम उमेदवाराला तिकीट दिले नाही. काँग्रेसचे नसीम खान यांनी याच कारणावरून निवडणूक मोहिमेतली आपली जबाबदारी सोडली. ज्या ४८ मतदारसंघांत मोठ्या आघाड्यांकडून मुस्लिम नाव पुढे आलेच नाही, तिथल्या मतदाराने ते नाकारले, असे म्हणता येत नाही. त्याला विचारलेच गेले नाही.

संविधान सभेने वाटा ठरवण्याचा अधिकार कायद्याकडून काढून घेतला, तेव्हा तो लोकांकडे जाईल असे तिला अभिप्रेत होते. मधल्या मध्ये तो तिकीटवाटपाच्या बैठकीत येऊन थांबला. त्या बैठकीला नियम नाही, तिचे इतिवृत्त कोणी प्रसिद्ध करत नाही आणि तिच्या निर्णयावर अपील नाही. निजामाच्या काळातल्या वाटणीत निदान आकडे जाहीर होते. त्यांच्यावर भांडता तरी येत होते.

म्हणून स्वतंत्र मतदारसंघांकडे किंवा बरोबरीच्या कोष्टकांकडे परत जावे, असा निष्कर्ष यातून निघत नाही. कप्प्यांची ती वाट कुठे जाते ते हैदराबादने आणि बैरूतने पुरेसे दाखवले आहे. पण लारींनी मांडलेला प्रश्न अजून उभाच आहे. एकच यादी राखूनही, विखुरलेल्या अल्पसंख्य मतांना वजन देणाऱ्या पद्धती जगात आहेत. त्यांच्याविरुद्ध १९४९ मध्ये जी दोन कारणे होती, त्यांतले निरक्षरतेचे कारण आता पूर्वीइतके जड राहिलेले नाही. दुसरे, स्थिर सरकारचे, अजून विचारात घ्यावेच लागेल. आणि पद्धत बदलेपर्यंतही एक गोष्ट करता येण्याजोगी आहे: तिकिटे कोणाला दिली आणि कोणाला नाकारली, याचा जाब मतदाराने पक्षांना मतदानाच्या आधी विचारायचा. वाट्याचा निर्णय आज तिथे होतो, तेव्हा प्रश्नही तिथेच विचारायला हवा.